दुसरी बाटली देण्याआधी

मामांचं म्हणणं सरळ आहे. तोंडात पांढरे चट्टे उठलेत, जीभ चरचरते, तिखट सोसत नाही, असं सांगत कुणी दुकानात आलं की त्याला बुरशीवरचा क्लोट्रिमॅझोलचा माउथ पेंट द्यावा, तो कसा लावायचा हे नीट समजावून सांगावं आणि आठवड्याने तोंड दाखवून जा म्हणावं. भाचीचं म्हणणंही तेवढंच सरळ. ही बुरशी तोंडात उगीच माजत नाही. ती का माजली हे विचारल्याशिवाय बाटली हातात ठेवली, तर अर्धं दुखणं तसंच घरी जातं.

मामांचं औषधांचं दुकान सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, ऐन बाजारपेठेत. भाची दातांची डॉक्टर. तिचा दवाखाना त्याच रस्त्याला, चार दुकानं सोडून. दुपारी एक ते चार बाजार बंद असतो. मामा शटर अर्ध्यावर ओढून मालाची यादी करत बसतात, तेव्हा ती येते आणि दोघांचं जुंपतं. दोघंही रोज तीच तोंडं बघतात, पण वेगवेगळ्या जागेवरून, म्हणून हा वाद ऐकण्यासारखा असतो.

“निम्म्या गावाच्या तोंडात ही बुरशी असते, हे तूच सांगितलंस ना?” मामा विचारतात. “मग एवढा बाऊ कशाला?”

“असते खरी. पण निम्म्या गावाला त्रास होत नाही ना, मामा! मग ज्याला होतो त्याचं काय बिघडलं, एवढं तरी विचारायला नको?”

कँडिडा अल्बिकन्स हे त्या बुरशीचं नाव. यीस्ट जातीची, नुसत्या डोळ्यांना न दिसणारी. निरोगी माणसांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या तोंडात ती मुकाट्याने राहते. वाहती लाळ, लाळेतली बुरशीला मारक प्रथिनं, शेजारचे जिवाणू आणि शरीराची प्रतिकारशक्ती तिला आवरून धरतात. यातलं एक जरी ढिलं पडलं तरी तिचं फावतं. अँटिबायोटिकने शेजारचे जिवाणू मरतात. सर्दी-अ‍ॅलर्जीच्या आणि नैराश्याच्या काही गोळ्यांनी लाळ आटते; डोक्या-मानेच्या कॅन्सरला रेडिएशन दिल्यावर तर फारच आटते. रक्तातली साखर चढली की लाळेतही वाढते. स्टेरॉइड, केमोथेरपी, एचआयव्ही यांनी प्रतिकारशक्तीच खचते.

बुरशी हेच दुखणं, की ती दुसऱ्या दुखण्याची खूण, हा प्रश्न मामा-भाचीपेक्षा पुष्कळ जुना आहे. जर्मन शल्यविशारद बर्नहार्ड फॉन लांगेनबेक यांना १८३९ साली टायफसच्या रुग्णाच्या घशात ही बुरशी सापडली, आणि टायफस हिच्यामुळेच होतो असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात उलटं होतं: टायफसने माणूस खंगला होता, म्हणून बुरशीला जागा मिळाली होती. भाची हे उदाहरण हमखास काढते. मामा ते ऐकून घेतात आणि म्हणतात, “बरोबर. पण टायफसच्या रुग्णाची गोष्ट वेगळी आणि चार दिवस अँटिबायोटिक खाऊन जीभ पांढरी झालेल्या कॉलेजच्या पोराची वेगळी. त्याला मी काय सांगू, सगळ्या तपासण्या करून ये म्हणून?”

इथे मामांची बाजू जड आहे. अशा पोराची बुरशी बहुतेक वेळा साध्या औषधाने आठवडा-दोन आठवड्यांत जाते, आणि तिचं कारण समोरच दिसत असतं.

खरी अडचण त्याआधीची आहे. समोर आलेली बुरशीच आहे हे ओळखायचं कसं? “तोंड आलंय” म्हणत येणाऱ्या गिऱ्हाइकांपैकी पुष्कळांना बुरशी झालेलीच नसते, हे मामाही मान्य करतात. ओठाच्या किंवा गालाच्या आत एखाददुसरा गोल, पिवळट, लाल कडेचा आणि जिवाला नको करणारा फोड असेल तर तो साधा छाला. त्याला बुरशीचं औषध लावून काही होत नाही. तो आठ-दहा दिवसांत आपला आपण भरतो. तापातून उठलेल्याच्या जिभेवर पांढरट साका धरतो, तीही बुरशी नव्हे. पाणी पोटात गेलं, जेवण सुरू झालं, जीभ रोज हलकी घासली की तो जातो.

“बुरशीचे चट्टे दह्याच्या कणांसारखे दिसतात,” भाची सांगते. “जिभेवर, गालांच्या आत, टाळूवर, कधी मागे घशापर्यंत. ओल्या गॉजने हलकेच पुसले की निघतात आणि खाली लालभडक कातडी दिसते, कधी बारीकसं रक्तही येतं. माणूस म्हणतो, तोंडात कापूस कोंबल्यासारखं वाटतं, जेवणाला चव नाही.”

“हे मला ठाऊक आहे.”

“पण पांढरं काहीच नसतं, तेव्हा तुम्ही काय करता?”

मामा क्षणभर थांबतात, कारण हा नमुना दुकानात सर्रास फसवतो. अँटिबायोटिकच्या कोर्सनंतर काहींची जीभ पांढरी न होता लाल, गुळगुळीत होते आणि चहाच्या घोटालाही भाजते. काहींच्या ओठांचे कोपरे चिरतात. जांभई दिली की रक्त येतं. अशी माणसं बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या मागतात, आणि मामाही वर्षानुवर्षं त्याच देत आले आहेत. कधी त्याने गुण येतोही, कारण लोहाच्या आणि बी-१२च्या कमतरतेनेसुद्धा ओठांचे कोपरे चिरतात आणि जीभ लाल पडते. पण कोपऱ्यांतली ती चीर पुष्कळदा बुरशीची असते, कधी बुरशी आणि जिवाणू दोन्हींची मिळून असते, आणि मग नुसत्या जीवनसत्त्वाने ती भरत नाही. शंका असेल तिथे प्रयोगशाळेत काम सोपं असतं: चट्टा खरवडून काचपट्टीवर घ्यायचा, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब सोडायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली यीस्टच्या पेशी आणि त्यांचे लांबट धागे दिसतात का बघायचं. नुसत्या कल्चरवर मात्र विसंबता येत नाही, कारण निरोगी माणसाच्या तोंडातही ती उगवतेच.

पुसून न निघणारा पांढरा चट्टा दिसला की भाचीचा आवाज बदलतो. या भागात कित्येक बायका सकाळी मिशरीने दात घासतात, आणि दिवसातून आणखी दोनदा लावतात. पुरुष गालात तंबाखू धरून शेतात राबतात. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी तोंडं बघितली की बंदी कुठवर पोचली ते कळतं. मिशरी किंवा तंबाखू जिथे ठेवतात, नेमक्या त्याच जागी उठलेला, खरखरीत, पुसून न निघणारा पांढरा पट्टा हा बहुधा ल्युकोप्लाकिया असतो, आणि त्यातले काही पुढे कॅन्सरकडे जातात. गोंधळ वाढवायला बुरशीचाही एक असा चिवट प्रकार आहे, जो पुसून निघत नाही. दोन्हींत फरक करायचा तर तुकडा काढून तपासावाच लागतो.

“अशा बाईला तुम्ही माउथ पेंट दिलात तर ती महिनाभर तो लावत बसेल, मामा. तेवढा महिना वाया गेला.”

“पुसून न निघणाऱ्याला मी औषध देत नाही.”

“पण पुसून बघता का?”

मामा उत्तर देत नाहीत. काउंटरच्या पलीकडे उभ्या असलेल्या, डोक्यावर पदर घेतलेल्या बाईला ‘आ’ करायला सांगणं मामांना जमण्यासारखं नाही, आणि हे भाचीलाही कळतं.

घशाच्या बाबतीत दोघांचं एकमत आहे. तापलेलं पोर, घसा दुखतोय, टॉन्सिलवर पांढरं दिसतंय, अशा वेळी ते खरवडायलाही जायचं नाही आणि बुरशीचं औषधही द्यायचं नाही. बहुतेकदा तो टॉन्सिलचा जिवाणूंमुळे किंवा विषाणूंमुळे झालेला दाह असतो. पण घटसर्प असेल तर त्याचा करडा, चिकटून बसलेला पापुद्रा ओढल्यावर रक्त येतं, आणि त्या रोगात वेळ घालवून चालत नाही. पोराला थेट डॉक्टरकडे न्यायचं.

मे २०२१ मामांना चांगला आठवतो. कोरोनाची दुसरी लाट, म्युकरमायकोसिसच्या, म्हणजे ‘काळ्या बुरशी’च्या बातम्या, आणि त्यातच पाटण्याहून ‘पांढऱ्या बुरशी’ची बातमी आली. स्टेरॉइड घेऊन घरी परतलेली, जीभ पांढरी झालेली माणसं दुकानासमोर रडकुंडीला येऊन उभी राहिली. एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांना सांगावं लागलं की बुरशीला रंगावरून नावं देऊ नका, त्याने गोंधळ होतो. ती पांढरी बुरशी म्हणजे बहुतेक करून हीच जुनी कँडिडा होती. टाळूवर काळपट डाग, अचानक हलू लागलेले दात, चेहऱ्याची एकच बाजू सुजणं आणि ठणकणं ही म्युकरची लक्षणं. तिथे माउथ पेंटचा संबंध नाही, तासांच्या हिशेबाने रुग्णालय गाठायचं असतं. “त्या महिन्यात मी लोकांना धीर दिला,” मामा म्हणतात, “तेही औषधच होतं.” भाची हे मनापासून मान्य करते.

वादाला खरी धार चढली ती आबा नावाच्या एका निवृत्त एसटी कंडक्टरमुळे. शटरखालून वाकून ते आत आले आणि मामांना म्हणाले, “अण्णा, ती गुलाबी खोक्यातली बाटली द्या आणखी एक.” आधीची संपली होती. भाचीने स्टूल पुढे केलं. आबांनी आढेवेढे घेत वरची कवळी काढली आणि रुमालात धरली. मोबाइलच्या उजेडात टाळू दिसला: लाल, मखमलीसारखा सुजलेला, आणि ती लाली कवळीची कड जिथे संपते बरोबर तिथेच संपत होती. दुखत नव्हतं. ओठांचे दोन्ही कोपरे मात्र फाटले होते. भाचीने लाकडी पट्टीने कवळीची आतली बाजू खरवडली, तर पट्टीच्या टोकाला पिवळट, बुळबुळीत थर आला.

“रात्री काढून ठेवता का, आबा?”

“कशी काढणार? पहाटे नातू उठवायला येतो. सूनबाईसमोर बोळक्या तोंडाने बसायचं का?”

आबा टाळूला औषध लावत होते आणि पुन्हा तीच कवळी चढवत होते. बुरशी कवळीच्या अ‍ॅक्रिलिकवर घट्ट थर करून बसते. त्या थरात औषध सहजी शिरत नाही. म्हणून अशा वेळी टाळूइतकाच कवळीवरही इलाज करावा लागतो. रोज रात्री ती काढायची, मऊ ब्रशने आणि साध्या साबणाने आतून-बाहेरून घासायची, टूथपेस्ट वापरायची नाही कारण तिने चरे पडतात आणि चऱ्यांत बुरशी बसते. मग पाण्यात बुडवून ठेवायची, कोरडी राहिली तर तिचा आकार बिघडतो. दंतवैद्य सांगेल तितके दिवस ती क्लोरहेक्सिडिनच्या द्रावात ठेवायची. औषध टाळूवर आणि कवळीच्या आतल्या बाजूला, दोन्हीकडे लावायचं. कवळी सैल झाली असेल तर ती नीट बसवून घ्यायची, कारण घासून घासून कातडी सोलली की बुरशीला आयतं रान मिळतं. रात्री कवळी काढण्याचा फायदा तोंडापुरता नाही. जपानमध्ये ८५ वर्षांपुढच्या ५२४ वृद्धांना तीन वर्षं तपासत राहून केलेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. झोपेत कवळी घालणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका सुमारे दुप्पट दिसला.

आबांनी हे सगळं ऐकलं आणि नातू उठवायला येण्याआधी, पहाटेच कवळी घालायची असा तोडगा स्वतःच काढला. भाचीने आणखी एक विचारलं: शुगर कधी तपासली होती? त्यांना आठवेना.

ते गेल्यावर ती म्हणाली, “बघितलंत? पहिल्या बाटलीच्या वेळी एकच प्रश्न विचारला असता, कवळी आहे का, तर दुसरी लागलीच नसती.”

“आणि पहिल्याच वेळी मी त्यांना तुझ्या दवाखान्यात पिटाळलं असतं, तर ते गेलेच नसते,” मामा शांतपणे म्हणाले. “माझ्याकडे बाटलीसाठी आले म्हणून तुला त्यांचा टाळू बघायला मिळाला. लोकांना डॉक्टरकडे जायचं म्हणजे दिवसाचा खाडा. दोनशे-तीनशे फी, वर एसटीचं भाडं. माझ्या पायरीवर माणूस फुकट चढतो.”

हा मुद्दा शहरातल्या वाचकाने मनावर घ्यावा असा आहे. तालुक्याच्या गावी औषधवाला हाच पहिला वैद्य असतो, आणि त्याला बाजूला सारून या आजाराचा बंदोबस्त करता येणार नाही. म्हणून काउंटरवर कोणता प्रश्न विचारला जातो याला इतकं मोल आहे.

साखरेचा प्रश्न तर टाळण्यासारखा नाहीच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या इंडियाब या देशव्यापी अभ्यासाचा निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाला: देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही, म्हणजे प्रौढांमध्ये ११.४ टक्के. आपल्याला मधुमेह आहे हे कित्येकांना माहीतच नसतं, आणि वारंवार तोंडात उठणारी बुरशी ही त्याची एक चाहूल असू शकते. मामांच्या दुकानात ग्लुकोमीटर विकायला आहेत. एक काउंटरवर वापरायला ठेवा, असं भाचीचं टुमणं आहे. निदान प्रयोगशाळेतच करायचं, पण बोटाच्या थेंबावर आकडा वर दिसला की माणूस तिथवर जातो.

दम्याचा पंप हा मामांचा हातखंडा. स्टेरॉइडचा पंप घेणाऱ्या प्रत्येकाला ते स्वतः करून दाखवतात: पंप ओढून झाला की पाण्याने चूळ भरायची, घशापर्यंत गुळण्या करायच्या आणि पाणी थुंकून टाकायचं, गिळायचं नाही. दात घासण्याआधी पंप घेण्याची सवय लावली तर विसरायला होत नाही. दाबून उडवायच्या पंपाला स्पेसर लावला तर औषधाचा बराचसा भाग घशावर न बसता छातीत उतरतो. कॅप्सूल फोडून ओढायच्या यंत्राला स्पेसर लागत नाही, तिथे गुळण्यांवरच सगळी भिस्त. याउपर घशात पांढरं दिसलं किंवा आवाज घोगरा झाला, तर तंत्र तपासायचं, बुरशीचा इलाज करायचा, पण पंप आपल्या मनाने बंद करायचा नाही. बुरशीच्या भीतीने पंप टाकून दिलेला माणूस पुढे दम्याच्या अटॅकने दवाखान्यात येतो, आणि तो अटॅक जिवावर बेतू शकतो.

तान्ह्या बाळाच्या बाबतीत भाचीच दोन पावलं मागे येते. पहिल्या काही महिन्यांत बाळाच्या तोंडात बुरशी उठणं अगदी साधी गोष्ट. त्याची प्रतिकारशक्ती अजून तयार होत असते, तिथे ‘का’ विचारत बसण्याचं कारण नाही. दूध पिऊन झाल्यावर जिभेवर राहिलेला पांढरा थर सहज पुसला जातो. बुरशीचा थर चिकटून राहतो, गालांच्या आतही दिसतो, आणि बाळ अंगावर लागलं की रडत तोंड सोडून देतं. बाळासोबत आईच्या स्तनाग्रांवरही इलाज करावा लागतो, एरवी दोघं एकमेकांना ती देत राहतात. चोखणं वापरत असतील तर ते रोज उकळायचं.

मात्र घरातल्या आजीचा उपाय निघाला की दोघंही एकदम बोलू लागतात. टाकणखाराची लाही मधात कालवून बाळाच्या तोंडातून बोट फिरवायचं, हे अजून चालतं. त्यामागे माया असते, पण टाकणखारातलं बोरॉन बाळाच्या अंगात साठतं. चोखण्याला मध आणि टाकणखाराचं मिश्रण लावून सात तान्ह्या बाळांना झटके आल्याची नोंद १९८३ साली झाली आहे. मधाचंही तसंच: एक वर्षाच्या आतल्या बाळाला तो देऊच नये, कारण त्यातल्या बोट्युलिझमच्या बीजाणूंनी बाळ लुळं पडू शकतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात बुरशी उठलेल्या बाळाच्या तोंडाला पाव टक्का जेन्शन व्हायोलेट लावतात. ते सौम्य केलेलंच हवं, घरात पडून असलेली जखमेची कडक बाटली नव्हे. मायकोनॅझोलची जेल चार महिन्यांच्या आतल्या बाळाला देत नाहीत, कारण तिचा चिकट गोळा घशात अडकू शकतो.

“आणि बाळ सहा महिन्यांपुढचं असेल, बुरशी पुन्हा पुन्हा येत असेल, वजन भरत नसेल?” भाची विचारते.

“तर तुझं ‘का’ आलं,” मामा म्हणतात.

माउथ पेंटबद्दल भाचीची तक्रार औषधावर नाही, वापरावर आहे. जेवण झाल्यावर, चूळ भरून, दिवसातून तीन-चार वेळा चट्ट्यांवर लावायचा. त्यानंतर अर्धा तास पाणीसुद्धा नाही. निस्टॅटिनचा द्राव असेल तर तो शक्य तितका वेळ तोंडात खेळवायचा, आणि क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्या त्याच वेळी करायच्या नाहीत, दोन्हींत निदान अर्ध्या तासाचं अंतर ठेवायचं, नाहीतर निस्टॅटिनचा गुण जातो. साधारण ७ ते १४ दिवस, आणि चट्टे गेल्यावरही दोन दिवस पुढे. लोक तिसऱ्या दिवशी तोंड बरं वाटलं की थांबतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली बुरशीजन्य रोगांची पहिली प्राधान्ययादी काढली, तिच्या सर्वांत वरच्या गटात कँडिडा अल्बिकन्स आहे. औषधांना न जुमानणाऱ्या बुरशी वाढत असताना अर्धवट इलाज कुणालाच परवडणारा नाही.

फ्लुकोनॅझोलच्या गोळीबाबत मामा तिच्याहून कडक आहेत. लोक येऊन “ती एकच खायची बुरशीची गोळी” मागतात. ती १५० मिलिग्रॅमची एक गोळी योनीमार्गाच्या साध्या संसर्गाला पुरते. तोंडाला सहसा रोज, आठवडा-दोन आठवडे घ्यावी लागते, आणि तीही डॉक्टरने ठरवून. रक्त पातळ करायला वॉरफरिन घेणाऱ्याला फ्लुकोनॅझोलने रक्तस्राव होऊ शकतो. मायकोनॅझोलच्या तोंडातल्या जेलनेही होऊ शकतो. मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर साखर धाडकन उतरू शकते. “चिठ्ठीशिवाय ही गोळी माझ्या दुकानातून जात नाही,” मामा म्हणतात, आणि हे सांगताना त्यांचा ताठा बघण्यासारखा असतो.

निस्टॅटिनची हकीकत त्यांची आवडती. न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात दोन शास्त्रज्ञ बायका होत्या: न्यूयॉर्क शहरात सूक्ष्मजीवतज्ज्ञ एलिझाबेथ हेझन आणि ऑल्बनीत रसायनतज्ज्ञ रेचल ब्राउन. हेझन मातीचे नमुने मागवायच्या, त्यांतल्या सूक्ष्मजीवांपैकी बुरशीला मारणारे निवडायच्या आणि टपालाने ऑल्बनीला पाठवायच्या. ब्राउन त्यांतलं नेमकं द्रव्य वेगळं काढून पुन्हा टपालाने परत पाठवायच्या. बहुतेक द्रव्यं उंदरांना विषारी ठरत. कामाचा जिवाणू अखेर मिळाला तो हेझन यांच्या ओळखीच्या नोर्स कुटुंबाच्या व्हर्जिनियातल्या शेतावरच्या मातीत. १९५० साली शोध जाहीर झाला, १९५४ साली औषध बाजारात आलं, राज्याच्या नावावरून निस्टॅटिन म्हणून. त्यातून मिळालेलं स्वामित्वधन, १ कोटी ३० लाख डॉलरच्या घरातलं, दोघींनी स्वतःकडे न ठेवता संशोधनासाठी देऊन टाकलं. १९६६ च्या पुरात फ्लोरेन्समधली चित्रं भिजून बुरसली, तेव्हा ती वाचवायलाही हेच औषध वापरलं गेलं. “एवढ्या तपश्चर्येचं औषध मी गल्ल्यावर बसून देतो,” मामा म्हणतात. “ते हलकं समजू नकोस.”

“हलकं समजत नाही. पुरेसं समजत नाही,” भाची म्हणते, आणि दोघं जो विषय टाळत असतात त्यावर येते.

५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या साथरोग साप्ताहिकात लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांची नोंद छापून आली. विचित्र न्यूमोनिया झालेल्या त्या पाचही जणांना कँडिडाचा संसर्ग होता. एड्सची ती जगातली पहिली लेखी नोंद. कवळी नाही, पंप नाही, अँटिबायोटिक नाही, शुगर ठीक आहे, आणि तरी तिशी-चाळिशीतल्या माणसाच्या तोंडात पुन्हा पुन्हा बुरशी उठते, तेव्हा एचआयव्हीची चाचणी सुचवावीच लागते. घास गिळताना छातीच्या मधोमध दुखू लागलं तर बुरशी अन्ननलिकेत उतरलेली असू शकते. तिथे माउथ पेंट पोचत नाही. दोन-तीन आठवडे पोटातून औषध द्यावं लागतं. एचआयव्ही असलेल्यात अन्ननलिकेची कँडिडा ही आजार शेवटच्या टप्प्यात पोचल्याची खूण धरतात.

“काउंटरला चार माणसं टेकून उभी असतात,” मामा म्हणतात. “तिथे मी हा शब्द काढला तर तो माणूस पुन्हा माझ्याकडे येणार नाही आणि तुझ्याकडेही जाणार नाही. गावभर बोभाटा होईल तो वेगळाच.”

“मग नुसतं ‘रक्त तपासून या’ म्हणाल?”

“म्हणेन.”

“ते चालणार नाही, मामा. त्याला न सांगता ही चाचणी करता येत नाही.” २०१७ च्या एचआयव्ही कायद्यात संमती आणि गुप्तता दोन्हींची हमी आहे, हे ती सांगते. ग्रामीण रुग्णालयातल्या समुपदेशन केंद्रात चाचणी फुकट होते, आधी आणि नंतर समुपदेशक बोलतो, आणि औषधं देशात २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. वेळेवर औषध सुरू झालं की प्रतिकारशक्ती सावरते आणि तोंडातली बुरशीही मागे हटते.

मामा बराच वेळ यादीचा कागद चाळत राहतात. पहिली बाटली ते देणारच, यावर ते ठाम आहेत. कवळी, पंप, शुगर आणि चालू गोळ्या विचारून, पण देणार. दुसरी मात्र कुणीतरी तोंडात बघितल्याशिवाय द्यायची नाही, हे त्यांनी कबूल केलं आहे. गिळताना दुखतं, वजन उतरलंय, ताप हटत नाही असं कुणी म्हणालं तर पहिलीही नाही. भाचीला पहिल्या बाटलीचा निर्णय अजून मान्य नाही.

“आणि तो शब्द?” ती विचारते.

“आत, कपाटामागे स्टूल आहे. तिथे बसवून मी त्याला ग्रामीण रुग्णालयाचं केंद्र सांगेन, कशासाठी जायचं तेही सांगेन,” मामा म्हणतात. “काउंटरवर नाही. त्या केंद्राची वेळ काय असते, तेवढी लिहून दे.”